रविवारच्या बिअरच्या बॅचसाठी स्टार्टर गुरुवारीच लावा

सभासदहो, लिक्विड यीस्ट घेऊन गेलेल्यांनी गुरुवारी रात्रीच स्टार्टर लावावा, म्हणजे थोड्या माल्टच्या पाण्यात यीस्टच्या पेशी आधी वाढवून घ्याव्यात. कोरडं यीस्ट वापरणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये; त्या पाकिटात पेशी भरपूर असतात.

1 लिटर पाण्याला 100 ग्रॅम ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची कोरडी पावडर) घ्या. त्याऐवजी साखर चालणार नाही. यीस्ट साध्या साखरेला सोकावलं की माल्टमधल्या माल्टोज साखरेकडे वळायला कुरकुर करतं. 10-15 मिनिटं उकळा. फेस दुधासारखा क्षणात उतू जातो, तेव्हा गॅसपाशीच उभे राहा, फोन नंतर बघा. मग झाकून 20-22 अंशांपर्यंत गार करा. सध्या पुण्यात नळालाच कोमट पाणी येतंय, त्यामुळे परातीत बर्फ लागेलच.

यापुढे यीस्टचा ज्याला स्पर्श होईल ते सगळं आधी सॅनिटाइझ केलेलं हवं, पाकीट कापायची कात्रीसुद्धा. गार झालेलं पाणी फ्लास्कमध्ये ओतून त्यात यीस्ट घाला. फ्लास्कच्या तोंडाला फॉइल सैल गुंडाळा, बूच नको. येता-जाता फ्लास्क हलवत राहा.

शनिवारी सकाळी फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी वरचं पाणी बरंचसं ओतून तळाचा सायीच्या रंगाचा थर तेवढा आणा. वास मात्र शनिवारी फ्रिजमध्ये ठेवण्याआधीच घ्या. पावासारखा आला तर उत्तम. व्हिनेगरसारखा आला तर सरळ मोरीत ओता आणि शनिवारीच ग्रुपवर कळवा, कोरड्या यीस्टची जादा पाकिटं आहेत.