टायरचं साल विचारणाऱ्या मामांना

नमस्कार मामा,

तुमचं नाव मी विचारलंच नाही. कराडहून चिपळूणला जाताना, कुंभार्लीचा उतार लागण्याआधी रस्त्याकडेला ताडपत्रीखाली तुमचं पंक्चरचं दुकान आहे. जुलै २०२४ मध्ये, भर पावसात, काळी स्प्लेंडर घेऊन हवा भरायला थांबलेला पोरगा म्हणजे मी. तुम्हाला आठवत असेन असं नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावं, एवढ्यासाठी हे उघडं पत्र.

हवेची नळी हातात घेऊन तुम्ही पुढच्या चाकापाशी बसलात आणि हवा न भरताच विचारलंत, "किती सालचं हाय?"

"२०१३ची गाडी आहे."

"गाडीचं न्हाई, टायरचं."

टायरला साल असतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही ओल्या फडक्याने चिखल पुसलात. इंग्रजी अक्षरांच्या लांबलचक ओळीच्या शेवटी, छोट्या लंबगोल चौकटीत चार आकडे होते : ४६१२. शेहेचाळीस म्हणजे आठवडा, बारा म्हणजे साल. नोव्हेंबर २०१२. मी तेव्हा अकरावीत होतो.

ती गाडी माझ्या वडिलांची. जानेवारी २०२१ मध्ये ते गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये मेन स्टँडवर उभी राहिली. चिपळूणला नोकरी लागली म्हणून मी ती बाहेर काढली. दोन दिवस आधी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. मेकॅनिकने टायरवर अंगठा फिरवून सांगितलं होतं, नक्षी भरपूर आहे, अजून दोन वर्षं बघायला नको. त्याच्यावर माझा राग नाही. मीही तेवढंच बघितलं असतं. मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर दिली आहे, आणि वडिलांच्या टायरची खाच त्याहून कितीतरी खोल होती. गोटा झालेला टायर कुणालाही कळतो. हा तर अंगाने धडधाकट दिसत होता.

तुम्ही म्हणालात, "केसाकडं काय बघताय, कातडं बघा." मग टायर दोन्ही हातांनी दाबून खाच उघडलीत. खाचेच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा, एकीला लागून एक, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. रिमजवळच्या बाजूलाही त्याच. नख रुतवायला सांगितलंत. मागच्या टायरात थोडंसं रुतलं, पुढच्यात नखच वाकलं.

तेव्हा मला पाटणचा प्रसंग आठवला. तासाभरापूर्वी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मी पुढचा ब्रेक जरा दाबला आणि चाक वीतभर सरकलं होतं. मी पावसाला शिव्या घातल्या होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, पाऊस तर सगळ्यांनाच लागतोय की.

"पण गाडी तर उभीच होती, झिजणार कशी?" या माझ्या प्रश्नावर तुम्ही हसलात. उभी होती म्हणूनच, म्हणालात. चालत्या गाडीचं टायर आपलं तेल आपणच वर आणतं. हे मला नंतर नीट समजलं. ऊन आणि हवेतला ओझोन रबर खातात. त्यांच्यापासून वाचवायला रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, सुटतो, आणि त्या मळण्यात ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हे थांबतं. शिवाय मेन स्टँडवर पुढचं चाक जमिनीलाच टेकलेलं. साडेतीन वर्षं त्याच्यावरचा भार एकाच जागी.

दुसरं तुम्ही सांगितलंत ते मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. इंजिनाची ओढ मागच्या चाकावर, माणसांचं वजन मागे, त्यामुळे मागचा टायर आधी झिजतो आणि म्हणून बदललाही जातो. वडिलांनी मागचा दोनदा बदलला होता, शेवटचा २०१९ मध्ये. पुढचा मात्र लवकर झिजत नाही, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि म्हातारा होतो तोच. घाटात ब्रेक मारल्यावर जास्त भार येतो तोही त्याच्यावरच. मिशेलिनसारखी कंपनी म्हणते, पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाका. तुमचा हिशेबही तोच होता : "मागचं एकोणीसचं हाय, चालंल. पण आता दर पावसाळ्याआधी बघत जा. हे पुढचं घेऊन घाट उतरायचा न्हाई."

मी घाईत होतो. दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं होतं. हवा भरा, सावकाश जातो, असं मी म्हणून पाहिलं. तुम्ही नळी परत खिळ्याला अडकवलीत. तुमच्याकडे विकायला टायर नव्हता, म्हणजे मला अडवून तुमचा फायदा शून्य. उलट हवेचे दहा रुपये बुडत होते.

मग तुम्ही चाक खोललंत आणि मला एसटीने पाटणला पाठवलंत. वहीच्या कागदावर लिहून दिलंत : २.७५-१८, पुढचा, ट्यूबसकट, तारीख बघून. दुकानदाराने पहिला टायर दिला तो तीन वर्षं गोदामात पडलेला निघाला. मी चार आकडे वाचल्यावर त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि आतून चालू वर्षीचा आणला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठल्या दुकानदाराने जाणकार समजलं मामा, आणि ती अक्कल सगळी उसनी होती.

जुना टायर टॉमीने, म्हणजे लोखंडी पट्टीने, काढल्यावर आतली ट्यूब घडी पडलेल्या जागी पातळ झालेली निघाली. ती तुम्ही मला काही न बोलता दाखवलीत. नवा टायर साबणाचं पाणी लावून बसवलात, बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना ते दोनदा बघितलंत, पुढे २५ आणि मागे २८ हवा भरलीत. नवं रबर गुळगुळीत असतं, पहिले शे-दीडशे किलोमीटर गाडी फार तिरकी करू नका, असं बजावलंत. घेतलेत किती, तर शंभर रुपये.

घाटात धुकं होतं. एका वळणावर समोरून ट्रक आला, मी ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तेव्हापासून मला खोड लागली आहे. पार्किंगमध्ये दिसेल त्या गाडीपाशी वाकून आकडे वाचतो. मामेभावाची बुलेट, ऑफिसातल्या मॅडमची ॲक्टिव्हा, कुणालाच सोडलं नाही. लोक चोर समजत असतील.

आणि आता राहिलेलं एक. त्या दिवशी तुम्ही ट्यूब भरत होतात तेव्हा मी दुकानामागे उभी असलेली तुमची टीव्हीएस एक्सएल मोपेडही वाचली होती. मागचा टायर २०११चा आहे मामा. तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. दिवाळीला कराडला जाताना २.५०-१६ घेऊन येतो, तारीख बघून. बसवायचे शंभर मात्र मी देणार नाही.

तुमचा,
काळ्या स्प्लेंडरवाला