यात्रेआधी वीरगळांना ऑइलपेंट नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूर जिल्ह्यातलं पर्यटन पन्हाळा, जोतिबा, राधानगरी-दाजीपूर याच्या पुढं फारसं सरकत नाही. वाटेवरच्या गावांत देवळाच्या आवारात, पाराजवळ, वेशीत वीरगळ उभे आहेत. कसबा बीडला तर ते मोठ्या संख्येनं आहेत. लढाईत पडलेल्या माणसाची ही स्मारकं. त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठंच नोंदलेलं नाही. आता गावोगावच्या यात्रा जवळ आल्या, की देवळासोबत या दगडांवरही ऑइलपेंटचा हात फिरेल. तो थांबवावा, यासाठी हे पत्र.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला दिसतो. तिथं किंवा तिच्यावरच्या चौकटीत लढाई असते. गाई कोरल्या असतील तर तो गोधन राखताना गेला. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कलश. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. वीरगळाचं वाचन तळापासून सुरू होतं, म्हणूनच जीर्णोद्धारात चार-सहा इंच काँक्रीट ओतून फरशी बसवली, की सर्वांत मोठं नुकसान होतं: तळची चौकट गाडली जाते आणि माणूस कसा मेला हेच पुसलं जातं.

रंगानं काय होतं, ते जवळून पाहिलं की कळतं. डोळे, बोटं, ढालीची नक्षी या रेषा मुळातच उथळ असतात. दोन-तीन हातांत त्या बुजतात. लेख असेल तर अक्षरं भरून जातात. जमिनीत रोवलेला दगड ओल वर ओढतो. ती रंगाखाली अडकते आणि पुढं पोपडा सुटतो, तो दगडाची झिजलेली साल घेऊनच. आधीच रंगवलेला वीरगळ पत्र्यानं खरवडू नये, ॲसिड तर अजिबात नको. ते काम पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांचं आहे. गावानं एवढंच करावं: कोरडी धूळ मऊ ब्रशनं झाडावी, शेवाळ साध्या पाण्यानं आणि प्लॅस्टिकच्या मऊ ब्रशनं काढावं. तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणी दोन्ही टाळावं. पूजेला हरकत कुणाचीच नाही. हळद-कुंकू पायथ्याशी वाहता येतं.

पाहायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत काही दिसू देत नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जावं, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून येतं. भर दुपारी तोच दगड सपाट वाटतो. झाडाच्या सावलीत असेल तर मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून आडवा मारावा. अक्षरांत खडू किंवा पीठ कुणीही भरू नये. फोटो अगदी समोरून, शेजारी पट्टी धरून घ्यावा. उंची, रुंदी, जाडी आणि तोंड कुठल्या दिशेला आहे हे लिहून ठेवावं.

दगडावरच्या चार ओळी किती मोलाच्या असतात, हे खिद्रापुरात दिसतं. यादव राजा सिंघणानं तिथल्या कोपेश्वर मंदिराला गाव दान दिल्याचं आपल्याला कळतं ते तिथल्या शिलालेखामुळं. तोही रंगात बुजला असता तर?

शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. रस्ता रुंदीकरणात एखादा वीरगळ हलवावाच लागला तर आधी जागेवरचे फोटो आणि मापं घ्यावीत, पुरातत्त्व विभागाला लेखी कळवावं, आणि तो गावातच, सिमेंट न लावता, तळची चौकट उघडी राहील असा उभा करावा. ग्रामपंचायतींनी यंदाच्या रंगकामाचा ठेका देतानाच ‘दगडी शिल्पं वगळून’ असं कागदावर लिहून घ्यावं.

आपले,
वीरगळांची नोंद ठेवणारे काही वाचक, करवीर