फाशी फाशी ओरडून काय होणार?

संपादक महोदय,
लहान मुलांवर अत्याचाराची बातमी आली की सगळे लगेच फाशी द्या म्हणतात, राग खराच आहे, पण २०१९ पासून पोक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, फाशी आहेच की! त्याच कायद्यात मुलाची साक्ष ३० दिवसांत नि खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवा असं पण लिहिलंय, त्यासाठी का कोणी ओरडत नाही? गोव्याचा तर २००३ पासून स्वतःचा बाल कायदा आहे. अनाथाश्रमाच्या नावाखाली मुलांवर अत्याचार करणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६ मध्ये जन्मठेप झाली तेव्हा सगळा गोवा हादरला होता, पण घरातलाच काका निघाला की वाड्यावर सगळे चिडीचूप, पोरीचं लग्न कसं होणार म्हणून आईलाच दाबतात! माहीत असून न कळवणं हा पण गुन्हा आहे, त्यांच्यावर पण केस घाला. आणि शिक्षा भोगून आलेल्याला ट्युशन, मैदान, बालरथ (शाळेची बस), कुठेच मुलांजवळ काम देऊ नका.
- एक पालक, डिचोली