तबकडी चमकवू नका, आधी पाणी अडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की कपाटातली बंद घड्याळं एकतर भंगारवाल्याच्या पोत्यात जातात, नाहीतर ‘नव्यासारखी करून’ आणायला दुकानात. यातलं दुसरं जास्त वाईट, असं माझं स्वानुभवावरून मत झालं आहे. म्हणून हे पत्र.

माझे मेहुणे व्यापारी जहाजावर इंजिन रूमला होते. कुवेतला घेतलेलं सिकोचं पाणबुड्यांचं घड्याळ, मॉडेल 6309-7040, त्यांच्या मनगटावर आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं. गुबगुबीत उशीसारखी केस (मशीनभोवतीचं धातूचं कवच), चारच्या ठिपक्यापाशी चावी, वार इंग्रजीत किंवा अरबीत लावायची सोय. मागच्या झाकणावरचा नंबर 18 ने सुरू होतो. सिकोच्या तेव्हाच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा. हे मॉडेल 1976 ते 1988 या काळातलं, तेव्हा हा नग ऑगस्ट 1981 चा, यात वाद नाही.

तबकडीवर लिहिलंय 150 मीटर. आणि ते बुडालं कुठे, तर सराफ बाजारामागच्या ताईच्या घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, गुडघाभर पाण्यात! 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुरात घाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता, तेव्हाची गोष्ट. या घड्याळाची चावी आट्यांची असते, पिळून घट्ट बसवली तरच पाणी अडतं. मेहुणे गेल्यावर कुणीतरी तारीख बघायला ती सोडवली आणि तशीच ठेवली. ताईने चिखल पुसून ते रुमालात गुंडाळलं, ते गेल्या दिवाळीला माझ्या हातात दिलं.

मी ते आधी एका चकचकीत दुकानात नेलं. तिथल्या मुलाने चावी फिरवली आणि निदान केलं, “काका, चावी भरतच नाही, स्प्रिंग तुटली.” अहो, या मशीनला हाताने चावी द्यायची सोयच नाही! मनगट हलेल तसं आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. पुढचा सल्ला तयारच होता: मशीन काढून सेलचं बसवू, तबकडी नवीन रंगवू, केसला बफ मारून चकाकी आणू. मी नमस्कार केला आणि घड्याळ खिशात टाकून बाहेर पडलो.

रंगवलेल्या तबकड्यांबद्दल थोडं सांगतो. जुन्या घड्याळांच्या शौकिनांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात (आपण नाशिककरांनी फार हसू नये, गिऱ्हाईक आपणही असतो). मूळ रंग खरवडून नवा भडक रंग मारतात आणि त्यावर नाव छापतात. अक्षरं जाडी-भरडी येतात, ठिपके सरकतात. केसचंही तेच. या सिकोच्या वरच्या बाजूला मधून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा असतात आणि कडा धारदार असते. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटं धरलं की रेघा गेल्या आणि कडा साबणाच्या वडीसारखी गोल झाली. गेलेलं सोनं परत घेता येतं, ही कडा नाही.

शेवटी रविवार कारंजाजवळ जिन्याखाली टेबल मांडून बसणारे एक चाचा भेटले. माझी हयात ओझरला विमान कारखान्यात गेली, स्क्रू-ड्रायव्हर हाताला परका नाही. तरी केसाएवढ्या स्प्रिंगला हात लावायची हिंमत झाली नाही. चाचांनी झाकण उघडलं. आतली रबराची रिंग वेफरसारखी मोडून पडली. चावीची दांडी गंजून जागीच धरली होती, बॅलन्स, म्हणजे टिकटिक करत मागेपुढे फिरणारं चाक, तोही गेला होता. “साहब, डायल को हाथ मत लगाना,” एवढंच म्हणाले, आणि मला बुधवारच्या बाजारात पिटाळलं. का, तर 6309 हेच मशीन सिकोने साध्या सिको फाइव्हमध्येही घातलं होतं. तसलं एक फुटक्या काचेचं घड्याळ गोदाघाटावर 600 रुपयांना मिळालं. बॅलन्स आणि दोन चाकं त्यातून निघाली. दांडी मात्र जुळली नाही, पाणबुड्याची चावी वेगळी. ती नवी घ्यावी लागली, 750. काच आणि सगळ्या रिंगा 900, चाचांची मजुरी 1800, पट्टा 450. एकूण 4500 रुपये. त्यातला एक रुपयाही दिसण्यावर गेलेला नाही. काट्यांवर गंजाचे ठिपके आहेत, सहाच्या खाली पुराच्या चिखलाचा तपकिरी डाग आहे. असू दे.

पाणी खरंच अडतंय का, हे घरी ढोबळमानाने बघता येतं. घड्याळ हाताला गरम लागेल इतपतच तापवा आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा. मिनिटभराने पुसल्यावर आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. माझं कोरडं निघालं. तरी मी ते घालून गंगापूर धरणात उडी मारणार नाही. दाबाची चाचणी झाल्याशिवाय जुन्या घड्याळाने हात धुण्यापलीकडे धाडस करू नये.

अजून एक सूचना. आजोबांच्या वेळचं, 1960 च्या आसपासचं किंवा त्याआधीचं अंधारात चमकणारं घड्याळ असेल तर तो रंग नखाने खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं, आणि त्याची पूड नाकातोंडात जाणं घातक असतं. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही.

दुकानदारांना विनंती एकच. तबकडी रंगवण्याआधी गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारा, आणि काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत द्या. गॅरेजवाला जुना प्लग हातात ठेवतो, मग घड्याळवाल्याने का नाही? चाचांनी न मागता दिले. ती गंजलेली चावी आणि दांडी मी कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत ठेवली होती. गेल्या महिन्यात ताई आली आणि घड्याळाकडे एकदा बघून डबीच घेऊन गेली.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, इंदिरानगर, नाशिक