पीटीच्या शिक्षकांना चषकांवरून जोखू नका

संपादक महोदय,

आंतरशालेय स्पर्धांचे निकाल लागले की कोणत्या शाळेचे पीटी सर चांगले, हे आमच्याकडे गोव्यात ठरून जाते. जिंकलेल्या संघात बारा-पंधरा मुले असतात. उरलेल्या शेकडो मुलांना त्याच शिक्षकाने वर्षभर काय शिकवले, हे कोणी विचारत नाही. हा विषय मी हायस्कुलात शिकवला आहे, म्हणून तळमळीने लिहितो.

शिक्षकाचा अहवाल मुख्याध्यापक भरतात. त्यांचा विषय बहुधा गणित नाहीतर भाषा. मुलांची रांग सरळ आहे, 19 डिसेंबरचे, गोवा मुक्तिदिनाचे संचलन देखणे झाले, एवढ्यावर शेरा मिळतो. मैदानावर उभे राहून अख्खा तास पाहणारा कोणी नसतो.

खरे तर तासातच सगळे कळते. एक चेंडू आणि चाळीस मुले असतील तर बहुतेक जण नुसते उभे राहतात. 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेतून थेट शिकवणीला जाणाऱ्या मुलाला एवढा वेळ मिळणार कुठे? तेव्हा त्या तासात प्रत्येक मूल किती मिनिटे हालले, ते घड्याळ लावून पाहावे. स्थूल मुलगा, दम्याची मुलगी, दिव्यांग विद्यार्थी यांना जमेल असे काही दिले होते का, तेही पाहावे. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरते तेव्हा व्हरांड्यात, बाके सरकवून तास घेणारा शिक्षक मला फार मोठा वाटतो. अनेक शाळांत तो तास सरळ दुसऱ्या विषयाला जातो.

2025 साली आपल्या हायस्कुलांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले. त्या उन्हात मूल कोसळले तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचे, हे प्रत्येक पीटी शिक्षकाला यायलाच हवे. प्रथमोपचाराची परीक्षा कागदावर न घेता करून दाखवायला लावावी.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेतील शालेय तंदुरुस्ती चाचणीत 50 मीटर आणि 600 मीटर धाव, जोर, लवचिकता यांचे मोजमाप आहे. त्याच मुलाचे वर्षारंभीचे व वर्षाअखेरचे आकडे शेजारी ठेवले तर शिक्षकाला स्वतःचे काम दिसते. मात्र हे आकडे वेतनवाढीला जोडू नयेत. जोडले तर ते टेबलावर बसून भरले जातील.

शिक्षकांवरही अन्याय नको. काही शाळांना मैदानच नाही, काही ठिकाणी एकाच शिक्षकावर सगळी शाळा आहे. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवणाऱ्या राज्यात ही स्थिती असू नये, आणि त्याचा दोष शिक्षकाच्या अहवालात लिहिला जाऊ नये.

शिक्षण खाते आणि क्रीडा खाते यांनी मिळून निदान एका तालुक्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या तालुक्यातील दोन अनुभवी पीटी शिक्षकांनी वर्षातून तीनदा, त्यात एकदा भर पावसात, तास पाहावा आणि त्याच दिवशी संबंधित शिक्षकाशी बसून बोलावे.

– एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, डिचोली