पुन्हा साथ आलीच तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या नव्या व्यसनमुक्ती केंद्राचा आराखडा दोनदा वाचला. मनापासून आवडला. पण एका ओळीवर अडलोय: ‘साथरोग उद्भवल्यास केंद्र तात्पुरते बंद ठेवण्यात येईल.’ रात्री झोप लागेना, म्हणून उठून हे लिहायला बसलो.

ही ओळ मीही एकदा लिहिली होती. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोविडला महासाथ म्हटलं आणि थोड्याच दिवसांत आम्ही नवे पेशंट घेणं थांबवलं. आत आहेत त्यांना जपायचं, एवढाच हेतू होता. अकरा दिवस दार बंद होतं. सहाव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. दुकानं बंद झाल्यामुळे नवऱ्याची दारू एकदम सुटली होती. हात थरथरत होते, अंथरूण घामाने भिजलं होतं आणि भिंतीवर किडे चालताहेत असं तो सांगत होता. मी त्यांना म्हणालो, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे त्या दिवसांत साथीच्या रुग्णांखेरीज कुणाला घेत नव्हते. रात्री त्याला फिट आली, मग दुसरी आली, आणि पहाटे तो गेला. विषाणूने त्याला शिवलंही नव्हतं. आमच्याकडे त्या रात्री चार खाटा रिकाम्या होत्या.

तुला हे नव्याने सांगायला नको, पण तुझ्या विश्वस्तांना सांगावं लागेल. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या ४८ तासांत फिटचा धोका असतो आणि दोन ते चार दिवसांत डीटी, म्हणजे भास आणि भ्रमाची गंभीर अवस्था, येऊ शकते. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. उपचार तरी काय? बेंझोडायझेपिन गटातलं शांत करणारं औषध, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पाणी, क्षार आणि चोवीस तास कुणाचं तरी लक्ष. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही हे सगळ्यांना पटतं. आपलं काम मात्र थांबलं तरी चालतं असं लोकांना वाटतं, आणि मित्रा, भीतीपोटी आपल्यालाही तसंच वाटू लागतं.

बाराव्या दिवशी दार उघडलं, पण नीट उघडायला दोन महिने लागले. त्यात ज्या चुका केल्या त्या तू करू नयेस म्हणून सांगतो.

पहिली चूक सॅनिटायझरची. प्रत्येक दाराशी बाटली टांगली आणि तिसऱ्या दिवशी दोन बाटल्या रिकाम्या सापडल्या. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं. विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा सुटल्यावरच्या त्रासात, तळमळणाऱ्या माणसासमोर आपणच ते टांगून ठेवलं होतं. शिवाय एखाद्या बाटलीत भेसळ करून मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, घातलेलं असलं तर? इराणमध्ये २०२० मध्ये दारूने विषाणू मरतो या अफवेपायी मिथेनॉल पिऊन शेकडो लोक मेले. तेव्हापासून वॉर्डात फक्त साबण आणि पाणी. बाटली कर्मचाऱ्याच्या खिशात. डायसल्फिराम, म्हणजे अल्कोहोल अंगात गेलं की त्रास होईल असं औषध, घेणाऱ्यांना तर सॅनिटायझरपासून लांबच ठेव.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. नव्या पेशंटला आम्ही वेगळ्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायचो. साथीच्या दृष्टीने ते बरोबर, पण विथड्रॉवलमधल्या माणसाला बंद दाराआड एकटं ठेवणं म्हणजे फिट आली तर कुणालाच न कळणं. आता त्या खोलीच्या दाराला मोठी काच आहे आणि नर्सची खुर्ची काचेसमोर आहे. पहिले चार दिवस दर तासाला नोंद होते. चाचणी लगेच करतो, पण रिपोर्टसाठी औषध थांबवत नाही. लक्षणांची गल्लत फार होते. अफू, हेरॉइन सुटलेल्याचं नाक वाहतं, शिंका येतात, अंग मोडून येतं, जुलाब होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं साथच आहे. आमचा आधार पल्स ऑक्सिमीटर होता. नुसत्या विथड्रॉवलने सहसा ऑक्सिजन खाली येत नाही. आला तर फुफ्फुसं तपास, नाहीतर गुंगीचा डोस जास्त झालाय का ते बघ.

फरशा पुसण्यात आम्ही केवढी शक्ती घालवली! विषाणू हवेतून जात होता आणि आमच्या ग्रुपच्या खोलीच्या खिडक्या रंगाने चिकटून बसल्या होत्या. त्या उघडल्या, ग्रुप आठ जणांचा केला आणि पाऊस नसेल तेव्हा बाहेर झाडाखाली बसवला. मास्कमुळे चेहरे वाचता येईनात, याचा समुपदेशकांना फार त्रास झाला. पण वीस दिवस एक शब्द न बोललेला एक मुलगा मास्क घालून बोलायला लागला. म्हणाला, तोंड झाकलंय म्हणून जमतंय. ते मी अजून विसरलेलो नाही.

कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या कर आणि त्या एकमेकांना भेटणार नाहीत हे बघ. एक आजारी पडली तर दुसरी केंद्र चालवू शकते. स्वयंपाकघरातल्या आणि सफाईच्या माणसांना मास्क आणि लस डॉक्टरांच्या बरोबरीने मिळू दे. आणि आजारपणाची रजा भरपगारी ठेव. पगार कापला जाणार असेल तर माणूस ताप लपवून कामावर येतो. आमच्याकडे तसा एक जण आला आणि नऊ पेशंट पडले. त्याला मी दोष देत नाही, नियम मी केला होता.

आता औषधांबद्दल. अफू-हेरॉइनच्या जागी दिली जाणारी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं घेणाऱ्यांना आपण रोज रांगेत उभं करतो, कारण विश्वास नसतो. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये मेथाडोनवर स्थिरावलेल्यांना २८ दिवसांपर्यंत आणि इतरांना १४ दिवसांपर्यंतची औषधं घरी न्यायची मुभा दिली गेली. पुढे २०२४ मध्ये नियम कायमचे सैल झाले. तू आत्ताच ठरव, कुणाला किती दिवसांचं द्यायचं. सोबत कुलपाची डबी दे, घरात लहान मुलं असतात.

एक मात्र कधीही करू नकोस: घाईघाईत वॉर्ड रिकामा करणं. काही आठवडे नशा सोडलेल्या माणसाच्या शरीराची ती पेलण्याची ताकद उतरलेली असते. तो बाहेर जाऊन जुन्याच मापाने घेतो आणि श्वास थांबतो. जाणाऱ्याच्या घरच्यांना नालोक्सोन, म्हणजे अफू-हेरॉइनच्या ओव्हरडोसवरचा उतारा, दे आणि वापरायला शिकव. एप्रिल २०२१ पर्यंतच्या बारा महिन्यांत अमेरिकेत ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली. सगळा दोष एकटेपणाचा आणि बंद दारांचा नाही, रस्त्यावर फेंटानिल, म्हणजे हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल नशा, होतंच. पण एकटं घेणाऱ्याला उठवायला जवळ कुणी नसतं, हे तू आणि मी दोघांनी पाहिलंय.

फोनवरच्या मीटिंगांना मी आधी विरोध केला होता. माझं चुकलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये दोन माणसांच्या बोलण्यातूनच उभी राहिली. फोनवर का होईना, ते बोलणं चालू राहिलं. घराबाहेर पडू न शकणाऱ्या बायका पहिल्यांदाच आल्या. मात्र ज्याच्याकडे फोन नाही, किंवा शेजारच्याच खोलीत कुणी पीत बसलंय, त्याच्यासाठी आपली खाट हवीच.

त्या बाईंना मी नंतर भेटायला गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, चहा केला. मला बोलता आलं नाही.

तेव्हा ती ओळ खोड. तिच्या जागी काय लिहायचं ते आपण रविवारी फोनवर ठरवू. तोवर ग्रुपच्या खोलीच्या खिडक्या खरंच उघडतात का, ते स्वतः हाताने उघडून बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझाच