कल चाचणी कोणत्या मुलांवर तपासली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आमच्या रावेर-यावल भागात कल चाचणीची शिबिरं भरू लागतात. यंदा नातीलाही बसवलं. शाळेच्याच हॉलमध्ये तासभर गोल रंगवले, अडीच हजार रुपये भरले आणि आठवड्याने गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल हातात पडला. यांत्रिक कल 'अत्यल्प', मुलीने वाणिज्य शाखा घ्यावी!

रात्रीची लाईट आली आणि केळीच्या बागेतली मोटर उचलत नसली, तर घरात आधी हीच उठते. स्टार्टर उघडते, टेस्टरने तिन्ही फेज बघते. मी विचारलं, बाई, तू उत्तरं तरी काय दिलीस? म्हणाली, "आबा, सुटीत रोबोटिक्सच्या क्लासला जायला आवडेल का, विज्ञान केंद्र बघायला आवडेल का, असं होतं. मी कुठे पाहिलंय ते? 'नाही' केलं." आता यातून तिचा कल कळला, की आमचं गाव शहरापासून किती लांब आहे ते? (आयटीआयचा फॉर्म तिने भरलाय, इलेक्ट्रिशियनचा.)

हयातभर गणित शिकवलं, बी.एड.ला विश्वसनीयता (माप दरवेळी सारखंच येणं) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) घोकली. व्यापाऱ्याचा काटा दरवेळी घडामागे किलोभर कमी दाखवत असेल, तर तो विश्वसनीय म्हणायचा. वजन मात्र खोटंच. शिबिरवाल्यांना विचारलं, मानकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून बघायचे ते आकडे, कुठल्या मुलांवरून काढली? "सर, सॉफ्टवेअर आहे, लाखो मुलांनी दिलीय." दिली असेल. पण यांत्रिक कलात वरचे गुण मिळवलेली पोरं पुढे पॉलिटेक्निकला टिकली का, हे कोणी जाऊन पाहिलं? सप्रमाणतेचा पुरावा तिथे शोधायचा असतो.

बाहेरची चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही, हे १९३० च्या दशकातच आपल्याकडे ठाऊक होतं. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी धारवाड भागातल्या कन्नड आणि मराठी मुलांवर प्रत्यक्ष घेऊन पाहिली, मग ती इथे वापरात आली. त्यांच्याकडे सॉफ्टवेअर नव्हतं.

मुख्याध्यापकांना विनंती, हॉल देण्याआधी चाचणीची पुस्तिका मागा. प्रमाणीकरण (मुलांवर चाचणी घेऊन मानकं ठरवणं) कधीचं, किती मुलांवर, त्यात खेड्यातली किती, हे तिच्यात असायला हवं. पुस्तिका दाखवता येत नसेल, तर निदान शाळेच्या आवारात पालकांकडून पैसे गोळा करू देऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. रावेर, जि. जळगाव